टांगता माळा

शेतकऱ्याच्या घरात जागा कधी पुरली आहे? घर चार खणांचे असो नाही तर दहा खणांचे, सुगी आली की पाय ठेवायला ठिकाण राहत नाही. पाभर वर्षातून चार-आठ दिवस लागते आणि बाकीचे वर्षभर वाटेत आडवी पडते. द्राक्षाचे कॅरेट दोन-तीन महिने लागतात, उरलेले दिवस कोपऱ्यात थप्पी लावून उंदरांना बिऱ्हाड देतात. ताडपत्री, बारदान, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, फवारणीचा जुना पंप, हे टाकूनही देववत नाही आणि जवळ ठेवूनही सोसत नाही. बरे, शेड वाढवावी तर पैसा लागतो, आणि वाढवली तरी दुसऱ्या सुगीत ती भरतेच.

पण वाचकहो, एकदा आपल्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये उभे राहा आणि मान वर करून पाहा. खाली दाटी आहे, वर सगळे मोकळे आहे. पत्र्याखालची ती जागा आपण पैसे देऊनच बांधलेली असते. तिथे चिमण्यांशिवाय कोणी राहत नाही. त्या जागेचा उपयोग आम्ही कसा केला आणि तो करताना घरात काय काय चर्चा झाली, ते आज तुम्हाला सांगतो. तुमच्याही घरी याचा उपयोग होईल, म्हणून तपशीलवार सांगतो.

आमचे गाव निफाड तालुक्यात. द्राक्षाची बाग, कांदा, थोडे सोयाबीन, असा आमचा सामान्य बारदाना. शेड २० फूट लांब आणि १४ फूट रुंद. भिंती विटांच्या, १२ फूट उंच, वर पत्रे. खाली बागेत चालणारा लहान ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्या वरची सहा-सात फूट जागा रिकामी होती. पूर्वी आम्ही तिथे दोन आडवे बांबू टाकून वर फळ्यांचा माळा केला होता. महाराष्ट्रात असे माळे घरोघर आहेत. माळा वाईट नाही, वाईट आहे ती शिडी.

शिडीचा एक दोष कोणी बोलून दाखवत नाही. शिडी चढायला दोन हात लागतात आणि ओझे धरायलाही दोन हात लागतात. देवाने हात दोनच दिले आहेत. म्हणून माणूस ओझे खांद्यावर किंवा डोक्यावर घेतो, एका हाताने शिडी धरतो आणि उरलेला भार नशिबावर टाकतो. चढताना निदान पायरी दिसते, उतरताना तीही दिसत नाही. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, २०२१ च्या वैशाखात नळ्यांचे वेटोळे घेऊन अशाच शिडीवरून खाली आले. शिडीची बूड फरशीवरून सरकली. खुब्याचे हाड मोडले. नाशिकला शस्त्रक्रिया झाली, दादा चालते झाले, पण डॉक्टरांनी वजन उचलणे कायमचे बंद केले. ज्या माणसाने तरुणपणी लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या खेळण्यासारख्या फेकल्या, त्याला पाण्याची बादली उचलतानाही घरातले टोकू लागले.

याहून मोठी गोष्ट पुढे घडली. दादा बसले म्हणून माळ्यावरचे काम थांबले नाही. ते वहिनींकडे आले. मी बागेत असे, मुले कॉलेजात. मग दोन पुरुषांनी उतरवायची वस्तू वहिनी एकट्या उतरवू लागल्या, तेही लुगड्याचा ओचा खोचून. कोणी त्यांना सांगितले नव्हते. शेतकऱ्याच्या घरात असे काम कोणी सांगत नाही, ते आपोआप बाईच्या अंगावर येते.

जड उचलण्याच्या बाबतीत जगाने काही विचार केलेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये ठराव केला. एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यायचे वजन ५५ किलोंपेक्षा जास्त असू नये आणि स्त्रियांसाठी ते त्याहून बरेच कमी असावे, अशी शिफारस त्यात आहे. आपल्या महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी १९६९ मध्ये कायदा झाला. पूर्वी क्विंटलाचे पोते पाठीवर टाकत, आता ५० किलोची गोणी रुळली आहे. युरियाची गोणी तर २०१८ पासून ४५ किलोची झाली. हे सगळे चांगलेच झाले. पण घरातल्या हमालाला कोणता कायदा? आपल्या घरी आपणच मालक, आपणच हमाल. तेव्हा कायदाही आपणच करायचा.

म्हणून ठरवले, की माणसाने माळ्याकडे जायचे नाही, माळ्यानेच माणसाकडे खाली यायचे. म्हणजे एक टांगता माळा करायचा. मूठ फिरवली की तो कमरेच्या उंचीवर उतरावा, सामान ठेवावे किंवा काढावे, आणि पुन्हा मूठ फिरवून वर पाठवावा.

यात नवलाचे काही नाही. कप्पी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोटेचे चाक पाहिलेली माणसे आता थोडी उरली असली, तरी आमच्या दादांनी लहानपणी मोट हाकलेली आहे. ते चाक विहिरीच्या तोंडावर पक्के बसवलेले असे. त्याने मोटेचे वजन रतीभरही कमी होत नसे. मोट आणि तिच्यातले पाणी मिळून जेवढे वजन, तेवढी ओढ बैलांना. मग चाकाचा उपयोग काय? तर दिशा बदलण्याचा. मोट सरळ वर यायची आणि बैल धावेवरून उताराने खाली जायचे. त्यामुळे बैलांचे स्वतःचे वजनही ओढीच्या कामी येई. आपल्या आडातल्या पोहऱ्याची कप्पी तीच.

दुसरी युक्ती याहून पुढची आहे. कप्पी वर न बसवता ओझ्यालाच अडकवली, दोराचे एक टोक वर तुळईला बांधले आणि दुसरे हातात घेतले, तर ओझे दोन दोरांवर वाटले जाते. दोन माणसांनी पोते दांड्यावर धरावे तसे. निम्मे तुळई धरते, निम्मे आपण. अशा कप्प्या वाढवून चार पदर केले, तर हातावर चौथा हिस्सा येतो. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. चौथ्या हिश्श्याच्या जोराने ओझे एक फूट वर न्यायचे, तर दोर चार फूट ओढावा लागतो. शिवाय प्रत्येक कप्पी घर्षणापोटी आपली अडत कापून घेते. दात्यांच्या हातविंचचे गणितही हेच. मूठ पुष्कळ फिरते, दोर थोडा गुंडाळला जातो, आणि जोर कमी लागतो.

तेव्हा ओझे वर कसे न्यायचे, हा प्रश्न फार अवघड नव्हता. मी कागदावर आकृती काढली आणि रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांसमोर ठेवली. दादांना पसंत पडली. वहिनी काही बोलल्या नाहीत. आमची मंडळी मात्र ताट उचलता उचलता म्हणाली, “मला हे चालायचं नाही.”

मी कारण विचारले. ती म्हणाली, “अहो, यारी विसरलात का?”

यारी म्हणजे काय, हे विहीर खोदणाऱ्या गावांना सांगायला नको. विहिरीच्या काठावर लोखंडी यंत्र उभे करतात आणि पोलादी दोराला बांधलेल्या डोलातून खालचा दगड-मुरूम वर काढतात. तिच्या माहेरी विहिरीचे काम चालू असताना, ती लहान होती तेव्हा, भरलेला डोल वर येता येता दोर तुटला. खाली दोन मजूर होते. एक कपारीत सरकला म्हणून वाचला. दुसऱ्याचे प्रेत त्याच डोलातून वर काढावे लागले. तो माणूस सकाळी तिच्या आईच्या हातची भाकरी खाऊन विहिरीत उतरला होता. हे सगळे तिने मला लग्नानंतर एकदा सांगितले होते. त्या रात्री तिने पुन्हा सांगितले नाही, नुसते यारीचे नाव घेतले.

मग तिने आपली अट घातली. “ओझं दोरावर लोंबकळत राहता कामा नये. उद्या दोर तुटला, यंत्राचा दाता मोडला, तरी माळा जागच्या जागी राहिला पाहिजे. एवढं करा आणि मग काय टांगायचं ते टांगा.”

वाचकहो, आमच्या टांगत्या माळ्याची खरी आकृती त्या वाक्यात होती. माझ्या कागदावर ओझे वर नेण्याचा विचार होता, तिच्या मनात ते वर राहण्याचा. उचलणे चार मिनिटांचे काम आहे. ओझे वर टांगलेले राहते ते रात्रंदिवस, महिनोन्‌महिने, आणि त्याखालून आपली मुले-माणसे जातात. म्हणून जो कोणी हे करील, त्याने आधी थांबवण्याचा विचार करावा, मग चढवण्याचा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

पहिला प्रश्न हा, की टांगायचे कशाला? पुष्कळ जण पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्यांना किंवा कैचीला दोर बांधून मोकळे होतात. असे करू नका. त्या पट्ट्या पत्रे पेलण्यासाठी आणि वाऱ्याला तोंड देण्यासाठी असतात, तुमच्या ओझ्यासाठी नसतात. पत्रा, पाऊस, वादळ आणि वर तुमचे दीडशे किलो, एवढे सगळे एका दिवशी जमले तर छप्परच खाली यायचे. आम्ही भंगाराच्या दुकानातून दोन चांगले गर्डर आणले. शेडच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत काँक्रीटचे ठोकळे भरून त्यावर ते आडवे बसवले. दोन गर्डरांमध्ये आठ फूट अंतर ठेवले. छपराचा आणि गर्डरचा एकमेकांशी संबंध नाही. तुमच्या भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असतील, तर जमिनीतून चार स्वतंत्र खांब उभे करा. यात काटकसर करू नये. जाणत्या गवंड्याला आणि कैच्या बनवणाऱ्या वेल्डरला जागेवर आणून दाखवावे.

माळा आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद केला. चौकट चौकोनी पाइपची, वर वेल्डची जाळी. फळ्यांऐवजी जाळी घेतल्याचे तीन फायदे झाले. वजन कमी झाले, वर काय ठेवले आहे ते खालून दिसते, आणि उंदराला लपायला जागा राहत नाही. कडेने सहा इंचांचा कठडा केला, म्हणजे वस्तू घरंगळत नाही. माळ्याचे स्वतःचे वजन ४५ किलो भरले. सामान धरून एकूण १५० किलोंच्या वर जायचे नाही, असे ठरवले. म्हणजे वर ठेवायला १०५ किलो.

चार कोपऱ्यांना चार पोलादी दोर. प्रत्येक कोपऱ्याच्या वर गर्डरला एक कप्पी. तिच्यावरून दोर गर्डरच्या मध्यापर्यंत येतो, तिथे आडव्या बसवलेल्या कप्पीवरून मागच्या भिंतीकडे वळतो आणि भिंतीपाशी तिसऱ्या कप्पीवरून खाली उतरतो. चारही दोर तिथे एका जाड त्रिकोणी पट्टीला जोडले आहेत, आणि त्या पट्टीपासून एकच दोर विंचला जातो. अशा बारा कप्प्या लागल्या. चारही दोर एकाच पट्टीने ओढले जातात, म्हणून माळा समपातळीत वर चढतो. कोपऱ्यात थोडा कमी-जास्तपणा राहिला, तर तो काढायला प्रत्येक दोराला एक टर्नबकल बसवला आहे.

दोराबद्दल चार शब्द जास्त सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. नायलॉनचा दोर ओझ्याने ताणतो, उन्हाने कुजतो आणि उंदीर तो कुरतडतो. काथ्याच्या दोराचे तर बोलायलाच नको. द्राक्षाच्या मांडवाची तार घरात पडून असते, म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. ती ताणाला चांगली, पण कप्पीवरून पुन्हा पुन्हा वाकली की आतून मोडते आणि एक दिवस अचानक तुटते. म्हणून अनेक बारीक तारांचा पिळलेला पोलादी दोरच घ्यावा. आम्ही ६ मिलिमीटर जाडीचा घेतला. अशा चांगल्या नव्या दोराची तुटण्याची ताकद पावणेदोन-दोन टनांच्या आसपास असते, पण हिशेबाला तिचा पाचवा हिस्साच धरायचा. चार दोर आहेत म्हणजे प्रत्येकावर पाव ओझे येईल, असेही समजू नये. सामान एका कोपऱ्यात गोळा झाले किंवा माळा कुठे अडकला, तर सगळा भार एका दोरावर येतो. प्रत्येक दोर, प्रत्येक कप्पी आणि प्रत्येक कडी एकटीने सगळे ओझे पेलू शकेल, अशीच घ्यावी.

कप्पी फार लहान घेऊ नये. ६ मिलिमीटरच्या पोलादी दोराला निदान साडेचार-पाच इंच व्यासाची कप्पी हवी. लहान कप्पीवर दोर फार वाकतो आणि त्याच्या तारा एकेक करून तुटतात. दोराच्या टोकाला डोळा करताना आत पन्हळीसारखी लोखंडी वाटी, म्हणजे थिंबल, घालावी, आणि त्यावर निदान तीन क्लिपा बसवाव्यात. क्लिपेला दोन भाग असतात, एक खोगीर आणि एक वाकडा बोल्ट. खोगीर ओझे पेलणाऱ्या दोरावर बसले पाहिजे आणि बोल्ट परत वळवलेल्या मोकळ्या टोकावर. पुष्कळ ठिकाणी हे उलटे केलेले दिसते. मग बोल्ट कामाच्या दोराला चिरडतो आणि त्याची ताकद कमी होते. घोड्यावर खोगीर पाठीवर घालतात, शेपटीवर नाही, एवढे लक्षात ठेवा.

आता विंच. दुकानात दोन जातींचे दाखवतात. एका जातीत दात्यांचे चाक आणि एक खिटी असते. वर नेताना ती टकटक करीत अडवते, पण खाली आणताना खिटी काढावी लागते आणि सगळे ओझे तुमच्या मुठीवर येते. मूठ हातातून सुटली तर गरगर फिरते आणि मनगट मोडते. रहाटाची मूठ सुटल्यावर काय होते, ते जुन्या माणसांना विचारा. दुसऱ्या जातीत मळसूत्रासारखा दाता असतो, त्याला वर्म गिअर म्हणतात. त्यात मूठ चाकाला फिरवते, पण चाक सहसा मुठीला उलटे फिरवू शकत नाही. हात काढला तरी ओझे आहे तिथे थांबते. तो थोडा महाग आणि संथ आहे, पण घरच्या बायामाणसांनी वापरायचा तर तोच घ्यावा. मात्र दाते झिजले, हादरे बसले, की हाही घसरू शकतो. म्हणून त्याच्यावरही शेवटचा भरवसा ठेवायचा नाही.

शेवटचा भरवसा मंडळींच्या अटीवर आहे. चारही कोपऱ्यांच्या वर गर्डरला चार जाड साखळ्या कायमच्या अडकवल्या आहेत. प्रत्येकीच्या टोकाला मोठा आकडा आहे आणि माळ्याच्या कोपऱ्यांना रुंद कडी आहे. माळा वर गेला की खाली उभे राहून, बांबूच्या आकडीने, चिंचा पाडायला आपण वापरतो तीच आकडी, एकेक आकडा कडीत अडकवायचा. ते करताना माळ्याच्या बाहेरच्या अंगाला उभे राहायचे, खाली नाही. चारही अडकले की विंच थोडी उलटी फिरवायची. माळा बोटभर खाली येतो, साखळ्या ताठ होतात आणि दोर ढिले पडतात. आता ओझे दोरावर नाही, विंचवर नाही. सगळे साखळ्यांवर आणि गर्डरवर आहे. दोर कापून टाकला तरी माळा हलायचा नाही. उतरवताना उलट क्रम. आधी मूठ फिरवून माळा थोडा वर घ्यायचा, साखळ्या ढिल्या झाल्या की आकडे काढायचे, मग खाली सोडायचे.

काम झाल्यावर लगेच सामान चढवले नाही. आधी वाळूच्या गोण्या भरून काट्यावर मोजल्या. माळा आणि गोण्या मिळून २२५ किलो केले, म्हणजे ठरवलेल्या वजनाच्या दीडपट. माळा जमिनीपासून फक्त एक फूट उचलला, भिंतीवर खडूने खूण केली आणि रात्रभर तसाच ठेवला. पडला असता तरी एक फूटच पडला असता. सकाळी खूण जागेवर होती. पहिल्यांदा ताण बसला की दोर थोडा बारीक होतो आणि क्लिपा सैल पडतात. म्हणून सगळे नट पुन्हा आवळले. मग तेच वजन साखळ्यांवर टांगून दोर ढिले करून पाहिले. त्या दिवशी मंडळी स्वतः चहाचा कप घेऊन शेडमध्ये उभी होती. चारही आकडे तिने एकेक करून निरखले आणि मगच “आता ठीक आहे” म्हणाली.

वर काय ठेवायचे, याचाही नियम आहे. हलके पण जागा खाणारे, आणि वर्षातून एक-दोनदा लागणारे सामान वर जाते. रिकामे कॅरेट, बारदान, ताडपत्री, नळ्यांची वेटोळी, पाभरीचे सुटे भाग. जड वस्तू मध्यभागी, हलक्या कडेला. औषधाच्या बाटल्या, डिझेल, काच, तेल यांपैकी काही वर जाणार नाही. बाटली फुटली तर औषध थेंब थेंब खालच्या माणसावर गळायचे. धान्याची आणि खताची गोणीही नाही. ती जमिनीवर लाकडी फळीवरच शोभते. आणि माळ्यावर माणूस कधीही बसणार नाही, मग ते लहान पोर असो की थोर. मुलांना हा पाळणा वाटतो, म्हणून विंचची मूठ काढून घरात खुंटीला टांगलेली असते. माळा वर-खाली होताना त्याखाली ना माणूस, ना वासरू. हे सगळे दादांनी शेडच्या भिंतीवर गेरूने लिहून ठेवले आहे.

देखभाल म्हणाल, तर आम्ही ती खंडेनवमीला जोडली आहे. त्या दिवशी अवजारांची पूजा सगळेच करतात. हळदकुंकू वाहण्याआधी आम्ही प्रत्येक दोर सुती फडक्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसतो. तुटलेली तार फडक्यात अडकते, म्हणून उघड्या हाताने पुसू नये, बोट फाटते. तारा तुटलेल्या, गंजलेला किंवा पीळ सुटलेला दोर दिसला, की तो बदलायचा, दुरुस्त करायचा नाही. कप्प्यांना वंगण, क्लिपांना पाना, साखळ्यांवर नजर. अर्ध्या दिवसाचे काम. दुसरी तपासणी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पेरणीचे सामान उतरवताना.

खर्चाचे विचाराल. २०२२ च्या उन्हाळ्यात हे काम झाले. भंगारातले गर्डर, विंच, दोर, कप्प्या, चौकट आणि मजुरी धरून वीस हजारांच्या आत आटोपले. त्यात साखळ्या आणि आकड्यांचा खर्च सर्वांत कमी होता. रक्कम लहान नाही, हे मलाही कळते. एकट्याला जड वाटत असेल, तर आधी निम्म्या आकाराचा माळा करा. पण दोराची जाडी, कप्पीची गुणवत्ता आणि साखळ्या यांत काटछाट करू नका. माळा लहान करावा, भरवसा लहान करू नये.

त्याचे फळ काय मिळाले, ते सांगतो. शेडमधली खालची वाट मोकळी झाली, हे तर झालेच. वहिनींची शिडी सुटली. आता बारदान हवे झाले, तर त्या कोणाची वाट पाहत नाहीत. मूठ लावतात, माळा कमरेला येतो, हवे ते काढतात आणि पुन्हा वर पाठवतात. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते वेगळेच. पहिल्या द्राक्षहंगामात कॅरेट उतरवायचे होते. मी मूठ धरायला पुढे झालो, तर दादा म्हणाले, “अरे, तू सरक, मला बघू दे.” स्टुलावर बसून, एका हाताने, सावकाश, त्यांनी भरलेला माळा खाली आणला. शंभर किलो ओझे त्यांच्या हुकमाने उतरले आणि पाठीला कळलेही नाही. दीड वर्ष ज्यांना घरात कोणी तांब्या उचलू देत नव्हते, त्यांनी उठताना नुसती मिशी पुसली. त्या दिवसापासून विंचचे खाते दादांकडे आहे. वंगणाचा डबा त्यांच्याच खाटेखाली असतो.

माणूस जड काम करू शकेनासा झाला, की आपण त्याला प्रेमाने बाजूला बसवतो. त्यात आपली माया असते, पण बसणाऱ्याला ती टोचते. कामच थोडे हलके करता आले, तर माणसाला बाजूला बसवावे लागत नाही. तुमच्याही घरी कोणी तरी असे असेल. म्हातारे वडील असतील, गुडघे धरलेली आई असेल, किंवा पुरुष रानात गेल्यावर एकटीने शिडी चढणारी भावजय असेल. त्यांना एकदा विचारा, की घरातली कोणती वस्तू काढताना तुम्हाला भीती वाटते. उत्तर ऐका आणि तिथूनच आपल्या कामाला सुरुवात करा. आकृती काढून झाली, की ती घरातल्या बाईला दाखवा. तिने नको म्हटले, तर रागावू नका. का नको, ते नीट विचारा.